मागील बाकी

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून
एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांची मिरची लिहिली.
किती पोती आली, किती गेली,
किती ओलाव्यानं जड भरली.
माझं वजन कुठल्याच वहीत नव्हतं.

मग रिपोर्ट आला.
डॉक्टर गोगटेबाईंनी एका आकड्याभोवती
पेनानं गोल काढला,
बेरीज चुकली की मी काढतो तसाच.

मग सगळं एकदम केलं.
जिमचे वर्षाचे पैसे एकरकमी,
केशरी बूट, ओट्सचा डबा,
पहाटे पाचचा गजर, रात्री उकडलेला दुधी.
सतरा दिवस.
अठराव्या दिवशी मार्चअखेर छातीवर येऊन बसली,
रात्री अकराला शेठनं वडापाव मागवले
आणि मी तीन खाल्ले, रागानं,
जणू त्या ओट्सनीच माझं काही देणं बुडवलं होतं.
बूट माळ्यावर गेले, गणपतीच्या मखराशेजारी.

खाली सोपान शेलार पोती उतरवत होता.
म्हणाला, भाऊसाहेब, वजन उचलायला पैसे भरलेत म्हणे?
माझ्याकडं यायचं, वर मजुरी दिली असती.
दोघंही हसलो.
मग तो पायरीवर टेकला,
दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा उचलून
सरळ करून ठेवला, दुसऱ्याचा असल्यासारखा.
लोक म्हणतात, अंग कमावलंय.
कमावलं कुठलं, खर्चलं,
एवढं बोलून तंबाखू मळत बसला.

दुसऱ्या दिवशी मी बसमधून दोन थांबे आधी उतरलो.
का, ते सांगता येणार नाही.
पायात ऑफिसच्याच चपला.
वीस मिनिटं लागली. घाम आला,
पण शर्ट बदलावा लागेल इतका नाही.
तेव्हापासून तेवढंच धरलंय.
आणि कोपरखैरण्याची आमची सिडकोची इमारत,
चौथा मजला, लिफ्ट नाही, बहात्तर पायऱ्या,
ज्यांना इतकी वर्षं शिव्या घातल्या
त्या आता जमेच्या बाजूला लिहितो.

डब्यात एक भाकरी, रात्री भिजवलेल्या मुगाची उसळ
आणि काकडी. अख्खीच नेतो.
चिरायची म्हटलं की राहून जाते.
चारचा चहा सोडलेला नाही, सोडणारही नाही.
साखर अर्धी केली, मग अर्ध्याची अर्धी;
कुंदा म्हणते, आता नुसता चमचाच ढवळता.
रविवारचं मटण आहे तसंच आहे,
त्याला मी कुठल्या खात्यात घालत नाही.

जेवणानंतर आम्ही दोघं
निसर्ग उद्यानाला एक फेरी मारतो.
विषय बहुतेक सिलिंडरचा, नाहीतर तिच्या भावाचा.
एकदा मात्र ती बराच वेळ काहीच बोलली नाही
आणि मीही घाई केली नाही.
चाल आपोआप एक झाली.

चुकतंच.
ताप येतो, पुण्याला लग्न निघतं,
जिऱ्याचा भाव पडतो आणि शेठ उठू देत नाही.
पूर्वी एक दिवस चुकला की
दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी तिप्पट,
व्याज चढत जायचं
आणि शेवटी मी स्वतःच दिवाळं जाहीर करायचो.
ज्याचा हात बाकी पुढे ओढण्यात मुरला
त्याला हे उशिरा कळलं,
की ह्या एका वहीत
मागील बाकी पुढे ओढायची नसते.
वर तारीख घालायची, बस्स.

गोगटेबाईंचा आकडा थोडा खाली आलाय.
थोडाच. त्यांनी गोल पुन्हा काढला,
पण जरा लहान, असं मला वाटलं.

आज चार दिवसांनी दोन थांबे आधी उतरलो.
कंडक्टर म्हणाला, आलात का?
म्हटलं, आलो.
मिरचीची गाडी खाली होत असणार,
मार्केट दिसायच्या आधीच
शिंका सुरू झाल्या.